मामाचं प्रेस, एक एक्सपी आणि एक विंडोज ११: कामाच्या नोंदी

शनिवार, १३ सप्टेंबर २०२५

कराडला आलोय. मामाने गणपतीतच नवीन पीसी घेऊन ठेवला, कारण १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपतोय हे त्याच्या सीएने सांगितलं होतं, आणि नंतर पितृपक्ष लागला की मामी नवीन वस्तूला हात लावू देणार नाही हे त्याला आधीच माहीत होतं. त्यामुळे पूजा, नारळ, सगळं गणपतीत उरकलं आणि मला फोन आला तो आठवडाभराने, की नवीन मशीनला "काकांचं मशीन दिसत नाही".

काकांचं मशीन म्हणजे विंडोज एक्सपी होम, सर्व्हिस पॅक ३. ८० जीबीची आयडीई हार्डडिस्क, १ जीबी रॅम. त्यावर पानं जुळवायचं पेजमेकर ७ आणि एक जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, ज्याचं डोंगल (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी किल्ली) मागे प्रिंटर पोर्टमधे बसतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, गावातल्या दोन पतसंस्थांचे अहवाल, सगळं यावरच होतं. ऑपरेटर काका २००४ पासून इथे आहेत आणि त्यांचा हात त्या कीबोर्ड लेआउटवर इतका बसलाय की युनिकोड शिकवायचा विषय मी काढणार नाहीये. व्हर्च्युअल मशीन कर, म्हणजे नवीन पीसीच्या आतच एक्सपी चालव, असं दोघातिघांनी सुचवलं, पण आजकालच्या मशीनला तो पोर्टच नसतो, आणि यूएसबीचे जे कन्व्हर्टर मिळतात ते प्रिंटरपुरते असतात, डोंगल त्यावर ओळखलं जात नाही. मी दोन वर्षांपूर्वी करून बघितलंय. तर एक्सपी राहणार, हे धरून चालायचं.

आत्तापर्यंतची पद्धत अशी होती की एक्सपीवरचा डी ड्राइव्हमधला एक फोल्डर शेअर केलेला, विंडोज १० वाल्या मशीनवरून तो उघडायचा, पीडीएफ उचलायची, प्लेटवाल्याला (छपाईची प्लेट बनवणाऱ्याला) मेल करायची. ते चालत होतं कारण कुणीतरी (बहुतेक मीच, २०१९ ला, घाईत) विंडोज १० वर एसएमबी१ ची (नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याच्या विंडोजच्या जुन्या पद्धतीची) टिक लावून ठेवली होती.

आज बघितलेलं: पिंग जातोय, म्हणजे वायर, स्विच ठीक. नवीन पीसीवर नावाने उघडलं तर ८००७००३५ वाला नेहमीचा "नेटवर्क पाथ सापडला नाही". हा एरर म्हणजे डॉक्टरने "व्हायरल आहे" म्हणण्यासारखं, त्यातून काही कळत नाही. म्हणून कमांड प्रॉम्प्टवरून नेट यूज करून थेट आयपी दिला, \\१९२.१६८.१.२० असं, तेव्हा खरं कारण बाहेर आलं: सिस्टम एरर ३८४, या शेअरला कालबाह्य एसएमबी१ लागतं, ते असुरक्षित आहे, वगैरे. म्हणजे निदान रोगाचं नाव तरी कळलं. पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवायचं, एक्सप्लोररमधे क्लिक करत बसण्यापेक्षा आधी नेट यूज.

रविवार, १४ सप्टेंबर

सकाळी मामा म्हणाला, "अरे त्या जुन्यावर टिक लावलीस तशी यावर लाव की, पाच मिनिटांचं काम." बरोबर आहे त्याचं, आणि नेटवर शोधलं तर दहातले नऊ जण हेच सांगतात. विंडोज फीचर्समधे जायचं, एसएमबी १.० शोधायचं, क्लायंटवर टिक, रीस्टार्ट.

राउटरची इंटरनेटची वायर काढून एकदा करून बघितलं, फक्त माहितीसाठी. नाहीच उघडलं! कारण नवीन पीसीवर विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती आहे आणि त्यात दोन गोष्टी बदलल्यात, समोरच्याने प्रत्येक पॅकेटवर सही केलीच पाहिजे आणि गेस्ट म्हणून आत जायचं नाही. एक्सपी होमला तर शेअरिंग फक्त गेस्ट पद्धतीनेच येतं, होममधे दुसरा पर्यायच नाही. आणि गेस्टला पासवर्ड नसतो, सहीची किल्ली पासवर्डवरून बनते, म्हणजे गेस्टच्या सेशनवर सही होणार तरी कशी. पॉलिसीत जाऊन दोन्ही बंद करता येतात, ते मला माहितेय. पण मग एक टिक, दोन पॉलिसी, असं करत करत नवीन पीसीचाच एक्सपी होईल. टिक काढली, रीस्टार्ट केलं, वायर लावली.

मामाला कारण सांगितलं ते इथे लिहून ठेवतो, कारण तो परत विचारणार आहे. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस आला तो याच एसएमबी१ मधल्या भोकातून. पॅच मार्चमधेच आला होता, ज्यांनी टाकला नव्हता ते गेले. एका मशीनमधे शिरला की कुणी काही क्लिक न करता शेजारच्या मशीनमधे जायचा, नेटवर्कवरून, आपोआप. मायक्रोसॉफ्टमधे एसएमबी बघणारा नेड पाइल त्याच्या आधी २०१६ पासूनच बोंबलून सांगत होता की हे वापरणं थांबवा. २०१७ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ते मुळात चालूच नसतं, किंवा क्लायंट असला तरी पंधरा दिवस वापरला नाही की स्वतःहून निघून जातो. आणि या नवीन पीसीवर मामाचं बँकेचं, जीएसटीचं, सगळं आहे. मामा म्हणाला, "मग एवढी वर्षं जुन्यावर होतं ते?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नशीब होतं.

त्या निमित्ताने एक्सपीच्या अॅड रिमूव्ह प्रोग्राम्समधे जाऊन बघितलं तर तो पॅचच नाही. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता, पण वॉनाक्रायच्या वेळी मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून एक्सपीलाही पॅच दिला, केबी ४०१२५९८. तो पेनड्राइव्हवरून टाकला. आठ वर्षं उशिरा.

आणि एक्सपीच्या नेटवर्क सेटिंगमधून गेटवे पुसून टाकला, त्यामुळे आता तो इंटरनेटवर जाऊ शकत नाही. काकांना फरक पडत नाही, काम नसेल तेव्हा ते त्यावर फक्त सॉलिटेअर खेळतात.

ठरलं असं: मधे एक मशीन ठेवायचं. एका बाजूला एक्सपी, दुसऱ्या बाजूला बाकीचं ऑफिस, आणि दोघांची गाठ कधीच पडू द्यायची नाही. एक्सपीवरून शेअर करायचंच नाही, उलट एक्सपीनेच त्या मधल्या मशीनवर फाइल नेऊन ठेवायची. एफटीपीचाही (फाइल पाठवायची दुसरी एक पद्धत) विचार केला, सोपं पडलं असतं, पण काकांना झेड ड्राइव्ह (नेटवर्कवरचा फोल्डर, पण ड्राइव्हसारखा दिसणारा) हवाय. प्लेस केलेले फोटो पेजमेकर पाथवरून शोधतो, तो पाथ झेड म्हणजे झेडच. त्यांच्या हाताला बदल जाणवता कामा नये, ही पहिली अट.

शनिवार, २० सप्टेंबर

पुण्याहून माझा जुना लॅपटॉप आणलाय, स्क्रीन गेलेला, बाकी धडधाकट. डेबियन १२ (लिनक्स) टाकून आणलं. अंगभूत लॅन पोर्ट ऑफिसच्या स्विचला, आणि यूएसबीचा लॅन अॅडाप्टर थेट एक्सपीला, मधे स्विच नाही. पूर्वी असं थेट जोडायला क्रॉस केबल लागायची, आता गिगाबिट पोर्ट स्वतःच समजून घेतात, साधी केबल चालली. एक्सपीचा पत्ता बदलून १९२.१६८.५०.२, लॅपटॉपचा त्या बाजूला ५०.१.

सांबा टाकला, म्हणजे लिनक्सवरून विंडोजसारखे फोल्डर शेअर करायचं सॉफ्टवेअर. (हे नाव कसं पडलं ते मला फार आवडतं. अँड्र्यू ट्रिजेलने १९९१ च्या शेवटी ऑस्ट्रेलियात हे लिहायला घेतलं, आधीचं नाव ट्रेडमार्कच्या भानगडीत सोडावं लागलं, मग पठ्ठ्याने कॉम्प्युटरवरच्या शब्दांच्या यादीत एस, एम, बी ही अक्षरं या क्रमाने कुठल्या शब्दात येतात ते शोधलं.)

पहिला प्रयत्न, एक्सपीवरून \\१९२.१६८.५०.१. उत्तर: "स्पेसिफाइड नेटवर्क नेम इज नो लाँगर अव्हेलेबल". हा मेसेज फसवा आहे. वाचून वाटतं नाव चुकलंय किंवा वायर निघालीय, माणूस वायर हलवत बसतो. प्रत्यक्षात सर्व्हरने एक्सपीची भाषा ऐकून दार लावून घेतलेलं असतं. सांबाच्या ४.११ पासून, म्हणजे २०१९ पासून, एसएमबी१ मुळातच बंद असतं, कॉन्फिगमधे सर्व्हर मिन प्रोटोकॉल एनटी१ (म्हणजे एसएमबी१) असं लिहावं लागतं.

पण ते लिहिलं तर ऑफिसच्या बाजूलाही एसएमबी१ चालू होतं, ती ओळ सगळ्या सर्व्हरला लागू पडते. मग एवढा खटाटोप कशाला केला. म्हणून दोन सांबा चालवायचे, एक ऑफिससाठी, एक एक्सपीसाठी, दोन वेगळ्या कॉन्फिग फाइली. ऐकायला भारी वाटतं पण फार नाही.

दुसरा उठेचना. लॉगमधे "अॅड्रेस ऑलरेडी इन यूज". पहिल्याने ४४५ पोर्ट (एसएमबीचं दार) दोन्ही बाजूंनी धरून ठेवलेला, मालकासारखा. दोन्ही फाइलींत इंटरफेस लिहिला आणि "बाइंड इंटरफेसेस ओन्ली" येस केलं, तेव्हा प्रत्येकजण आपापल्या दारात बसला. शिवाय दुसऱ्याच्या पीआयडी, लॉक आणि प्रायव्हेट डिरेक्टऱ्या वेगळ्या द्याव्या लागतात, नाहीतर दोघं एकमेकांच्या फाइलींवर पाय देतात.

रात्री साडेअकरा. एक्सपी आता पासवर्ड विचारतोय, म्हणजे बोलतोय. पण पासवर्ड घेत नाहीये. मामी जेवायला तिसऱ्यांदा बोलवून गेली.

रविवार, २१ सप्टेंबर

सर्वपित्री. दुपारपर्यंत घरचं होतं, कामाला बसलो तीनला.

पासवर्डच्या भानगडीत एकामागे एक दोन कारणं होती, आणि म्हणून काल चक्रावलो. एक कारण सुधारलं तरी बाहेरून चित्र तेच, पासवर्डची तीच खिडकी परत येते. लॉगची पातळी ३ केली तेव्हा वेगळं दिसलं.

पहिलं कारण मीच. काल यूजर बनवला तो नेहमीच्या एसएमबीपासवर्ड कमांडने, पण दुसऱ्या सांबाची प्रायव्हेट डिरेक्टरी वेगळी दिलीय ना, म्हणजे त्याची पासवर्डची वहीसुद्धा वेगळी. माझा यूजर गेला पहिल्याच्या वहीत. लॉग सरळ सांगत होता, असा यूजर नाही. कमांडला दुसऱ्या कॉन्फिगचा पाथ देऊन परत बनवला.

तरी नाही. पण आता लॉगमधे वेगळी ओळ: या यूजरला एनटीएलएम व्ही१ पासवर्डची परवानगी नाही. हे मला ऐकून माहीत होतं पण प्रत्यक्ष पहिल्यांदा भेटलं. एक्सपी पासवर्डचं उत्तर जुन्या पद्धतीने पाठवतो, ती पद्धत आता काही तासांत फोडता येते, म्हणून सांबाने ४.५ पासून ती नाकारलीय. इथे परत तोच चकवा, नेटवर सगळे सांगतात की सांबामधे ती जुनी पद्धत चालू करा. गरजच नाही! एक्सपीला नवीन पद्धत येते, फक्त कुणी सांगितल्याशिवाय तो वापरत नाही. एक्सपी प्रोमधे लोकल सिक्युरिटी पॉलिसीत मिळतं, होममधे ती खिडकीच नाही, म्हणून रजिस्ट्री. एलएसए नावाच्या कीखाली एलएम कम्पॅटिबिलिटी लेव्हल, ० होतं, ३ केलं. रीस्टार्ट. पासवर्ड टाकला, आणि फोल्डर उघडला. काका मागे उभे होते, म्हणाले, "झालं? मग इतका वेळ काय करत होतास?"

झेड ड्राइव्ह मॅप केला, खूश झालो, रीस्टार्ट करून बघितलं तर परत पासवर्ड विचारला. "रिमेंबर" चा पर्यायच नाही. एक्सपी होम नेटवर्कचा पासवर्ड लॉगऑफनंतर लक्षात ठेवतच नाही, हे मी साफ विसरलो होतो. जुना उपाय आठवला: एक्सपीवर ज्या नावाने लॉगिन होतं तेच नाव आणि तोच पासवर्ड सांबामधे ठेवायचा, मग विंडोज आपणहून तोच पुढे करतो आणि विचारत नाही. काकांच्या यूजरला आजवर पासवर्डच नव्हता. आता दिला, आणि यूजरपासवर्ड्स२ मधून ऑटो लॉगिन लावलं, म्हणजे काकांना टाइप करायला नको. मशीन सुरू, झेड हजर.

पुण्याची एसटी सहाची, पळतो.

शनिवार, २७ सप्टेंबर

आठवडाभर मामाचे फोन. "हळू आहे." किती हळू, तर चाळीस एमबीची टिफ (फोटोची फाइल) झेडवर टाकायला काका चहा पिऊन येतात.

मी पुण्यात बसून एसएमबी१ ला शिव्या घालत होतो की बाबा, प्रत्येक बारीक तुकड्यासाठी विचारत बसतो, जुना प्रोटोकॉल आहे, असंच चालणार. इथे येऊन लॅपटॉपवर ईथटूल (लिंकचा वेग दाखवणारी कमांड) मारलं तर एक्सपीकडची लिंक १० एमबीपीएस, हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने). अरे! एक्सपीचं कार्ड १०० चं आहे. मी गेल्या आठवड्यात जी केबल लावली ती मामाच्याच माळ्यावरची होती. टेबलाखाली बॅटरी मारून बघितलं, भिंतीच्या कोपऱ्याजवळ उंदराने वरचं निळं आवरण खाल्लेलं, आत नारिंगी आणि हिरव्या वायरींचं तांबं दिसत होतं, एक वायर तर दाताने चपटी केलेली. प्रेसमधे खळ असते, कागद असतो, उंदीर असणारच. नवीन केबल पट्टीतून नेली. लिंक १०० फुल, तीच टिफ पाच सेकंदांत. प्रोटोकॉलची माफी मागतो.

दुसरं, ऑफिसच्या बाजूचं काम. मी आधी तिकडचा शेअर गेस्टला खुला ठेवला होता, कशाला उगीच पासवर्ड म्हणून. विंडोज ११ ने नाकारला, आणि बरोबरच आहे, दोन आठवड्यांपूर्वी मीच वर लिहिलंय की गेस्ट चालत नाही. स्वतःच्या नोंदी वाचत जा. यूजर आणि पासवर्ड दिला, सही आपोआप जुळली, लगेच उघडलं. नेटवर्कच्या चित्रांत लॅपटॉप दिसत नव्हता, नवीन विंडोज वेगळ्या पद्धतीने शोधतं, त्यासाठी डब्ल्यूएसडीडी नावाचा छोटा प्रोग्राम टाकला की दिसतो. एक्सपीच्या बाजूला ते केलंच नाही, तिथे वर्कग्रुपचं नाव अजून एमएसहोम आहे, असू दे, झेड आहे ना.

एक गोष्ट रचताना नीट विचार करून केली ती लिहितो. दोन सांबा एकमेकांना ओळखत नाहीत, त्यामुळे एकाने फाइल धरली तर दुसऱ्याला पत्ता नसतो. काका झेडवर फाइल उघडून बसलेत आणि मामीने इकडून तीच सेव्ह केली तर कुणाचं तरी गेलं. म्हणून दोन फोल्डर. "काकांकडून" मधे फक्त एक्सपी लिहू शकतो, ऑफिस फक्त वाचतं. "काकांसाठी" मधे ऑफिस लिहितं, एक्सपी फक्त वाचतो. भांडणच नको.

रविवार, २८ सप्टेंबर

मामीने "काकांसाठी" मधे फोल्डर टाकला, नाव मराठीत, छान युनिकोडमधे, "साखरपुडा कार्ड फोटो". एक्सपीवर चौकटी चौकटी चौकटी. एक्सपीत देवनागरीसाठी रीजनल सेटिंगमधे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची टिक लावावी लागते आणि ती सीडी मागते. ती सीडी मिळाली! कपाटात, लग्नपत्रिकांच्या नमुन्यांच्या अल्बममधे, कव्हरसकट. टाकली, एक्सप्लोररमधे नाव स्वच्छ दिसायला लागलं, काकाही वाकून बघायला आले.

पण पेजमेकरच्या ओपनच्या खिडकीत तेच नाव प्रश्नचिन्हांची रांग, आणि त्यावर क्लिक केलं तर फाइल उघडत नाही. तो प्रोग्रामच युनिकोडच्या आधीच्या बांधणीचा, त्याला हे नाव उच्चारताच येत नाही. तेव्हा नियम: फोल्डरला फक्त ऑर्डर नंबर, आकड्यांत. मामी जरा नाराज आहे, तिचं म्हणणं मराठी प्रेसमधे मराठीतच नाव चालत नाही हे काय. बरोबर आहे तिचं.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

काम नाही, पण नोंद करतो. कालच्या खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, ऑफसेटला मोठा हार, कटिंग मशीनला झेंडू, एक्सपीच्या कॅबिनेटवर स्वस्तिक आणि लॅपटॉपवर पण. हळदकुंकू यूएसबी अॅडाप्टरवर पडलंय, ते मी हळूच फुंकलं.

सकाळी लाइट गेली दीड तास. आल्यावर झेडवर लाल फुली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलीय, तोही बंद पडून परत उठला, आणि उठताना दुसरा सांबा यूएसबी अॅडाप्टर जागा व्हायच्या आधी सुरू झाला, दार सापडलं नाही, तसाच बसून राहिला. सर्व्हिसला नेटवर्क ऑनलाइन झाल्यानंतरच सुरू हो असं सांगितलं. वायर काढून, लावून, तीनदा बंद चालू करून बघितलं, तिन्ही वेळा आला.

रविवार, ५ ऑक्टोबर

आज घाम फुटला.

नवीन पीसीवर मी एक बॅच फाइल ठेवलीय, ती दर तासाला रोबोकॉपीने (विंडोजची फाइली कॉपी करायची कमांड) "काकांकडून" मधल्या पीडीएफ प्लेटच्या फोल्डरमधे आणते, तिथून मामा मेल करतो. आणताना असं सांगितलंय की इकडची फाइल नवी असेल तर तिकडची जुनी तिच्यावर टाकू नको. शहाणपणाचं वाटलं होतं.

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू, त्याच्या पत्रिका आत्ताच येतायत. एका पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून १५ मिनिटं होता, शुक्रवारी मुलीकडच्यांनी फोन करून १२ वाजून ३५ मिनिटं सांगितला, काकांनी लगेच सुधारला, पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट, डिस्टिलरमधून पीडीएफ, आणि झेडवर टाकली, जुन्या फाइलवर. काकांनी सगळं बरोबर केलं. आज सकाळी मामी प्लेटला जायच्या आधी शेवटची नजर टाकत होती (ती प्रत्येक पत्रिका वाचते, "आमचे येथे श्रीकृपेकरून" पासून खालच्या "लहान मुलांची लाडीगोडी" पर्यंत), आणि तिने विचारलं, यात अजून सव्वाबारा कसा?

काकांकडच्या फोल्डरमधे उघडली, १२:३५. प्लेटच्या फोल्डरमधली, १२:१५. दोन्हींचं नाव एकच. तारखा बघितल्या. प्लेटमधली जुनी: २ ऑक्टोबर २०२५. काकांची सुधारलेली, नवी: १ जानेवारी २००२.

रोबोकॉपीने सांगितलं तेच केलं, तेवीस वर्षं जुनी फाइल नवीवर टाकली नाही.

एक्सपीचं घड्याळ. मदरबोर्डवरचा सेल मेलेला, लाइट पूर्ण गेली की तारीख २००२ वर जाते. दसऱ्याला सकाळी लाइट गेली होती! गुरुवारची पीडीएफ काकांनी त्याच्या आधीच करून टाकली होती, शुक्रवारची नंतर. पूर्वी हे कधी कळलं नाही. फाइल कॉपी करताना विंडोज मूळ मशीनची तारीख सोबत नेतं, लॅपटॉपचं घड्याळ बरोबर असून त्याचा उपयोग नाही.

काकांना विचारलं, मशीन सुरू करताना काही मेसेज येतो का. "येतो ना. मग एफ१ दाबायचं. ते दाबल्याशिवाय हे सुरूच होत नाही, कधीपासून असंच आहे." तो मेसेज सीमॉस चेकसमचा, म्हणजे सेल मेल्यामुळे मदरबोर्डची जपलेली सेटिंग बिघडल्याचा. काका कितीतरी वर्षं रोज सकाळी एफ१ दाबतायत आणि त्यांना ती मशीन चालू करायची पद्धत वाटते, आणि मी त्या मशीनसमोर तीन शनिवार बसलो पण कधी सकाळी सुरू करताना बघितलंच नाही, मी यायच्या आधी काकांनी चालू करून ठेवलेलं असायचं.

कॅबिनेट उघडलं. आत धूळ आणि कागदाची भुकटी यांचा नमदा झालेला, ब्रशने काढला. सीआर २०३२ सेल, समोरच्या घड्याळवाल्याकडे मिळाला. स्क्रू ड्रायव्हरने पत्र्याची जीभ मागे केली, जुना टुणकन उडून पंख्यात गेला, तो चिमट्याने काढला. तारीख लावली, मेन स्विच दहा मिनिटं बंद ठेवून परत लावला, तारीख टिकली. शिवाय एक्सपीच्या स्टार्टअपमधे एक ओळ, नेट टाइम, लॅपटॉपचा पत्ता आणि सेट, म्हणजे उद्या हाही सेल गेला तरी सकाळी घड्याळ लॅपटॉपवरून जुळेल.

बॅच फाइलमधून तो शहाणपणा काढून टाकला. आता काकांकडची फाइल आकाराने किंवा तारखेने जराही वेगळी असली, नवी असो की जुनी, की तीच खरी धरायची, आणि प्लेटमधली आधीची आवृत्ती तारखेच्या फोल्डरमधे हलवायची. काकांच्याच बाजूने चुकीची आली तर शोधता येईल.

मामीला मी सांगितलं की ती नसती तर सव्वाबाराच्या पाचशे पत्रिका गेल्या असत्या. ती म्हणाली सहाशे, पाचशे नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आज विंडोज १० वाला पीसी नेटवर्कमधून काढला. मंगळवारी सपोर्ट संपतोय, त्याआधी. त्यातला टॅलीचा डेटा मामाच्या सीएच्या माणसाने आधीच हलवला होता. मशीन मी पुण्याला घेऊन जातोय, त्यावर लिनक्स टाकून मामाच्या नातीला देणार.

सगळं एकदा शेवटून शेवटपर्यंत बघितलं. नवीन पीसीवरून एक्सपीला पिंग केला, जात नाही, जायलाच नको होता. एसएमबी१ ची टिक नाही, पॉलिसीला हात लावलेला नाही. ऑफिसच्या बाजूने लॅपटॉपला मुद्दाम एसएमबी१ ने जोडायचा प्रयत्न केला, दार बंद. एक्सपीच्या बाजूने चालू. पत्रिका काकांनी झेडवर टाकली, तासाच्या आत प्लेटच्या फोल्डरमधे आली, मुहूर्त बरोबर.

काका अजूनही मशीन सुरू केलं की एफ१ दाबतात. दाबू दे.

राहिलेलं: एक्सपीची ती ८० जीबीची डिस्क. कान लावला तर अधूनमधून टक्क असा आवाज येतो, मामा म्हणतो पूर्वीपासून येतो, आणि "पूर्वीपासून" या शब्दावर माझा आता विश्वास नाही. आयडीईचा यूएसबी अॅडाप्टर पुण्यात मिळेल, दिवाळीला येईन तेव्हा पूर्ण डिस्कची इमेज घेतो. तोपर्यंत काकांनी रोज संध्याकाळी डी ड्राइव्हमधला कामाचा फोल्डर झेडवर टाकायचा असं ठरलंय, मॉनिटरला चिठ्ठी चिकटवलीय. चिठ्ठी काकांनीच पेजमेकरमधे केली, बॉर्डरसकट.